बहिणीच्या घरची फ्लॉपी

वीज पडून घरचा कॉम्प्युटर जळला. माझ्या सुनेचा, जयाचा, चार वर्षांचा प्रबंध त्यातच होता. सोमवारी नागपूरले द्यायचा. लेक हेमराज डोकं धरून बसला.

"नवरगावले मावशीकडं जा," मी म्हणली. "तिच्या बियाण्याच्या मडक्यात परवाची फ्लॉपी आहे."

"माय, दर बाजाराले जयाची फ्लॉपी भरून मावशीले दाखवाले नेत होती ना तू?"

"दाखवली बी अन् ठेवून बी आली. सगळं बियाणं एका छपराखाली कोण ठेवते?"

सोमवारी प्रबंध पोचला. जया हसतच घरी आली. "सरांनी विचारलं, वेगळ्या घरी प्रत ठेवाचं कोणी सुचवलं? म्हटलं, सासूबाईंनी. तिसरी शिकल्या."

"तिसरी पास सांगाचं होतं," मी म्हणली.