बाबांची गाडी

थोरलीनं टीव्ही लावला, बाबांच्या मांडीवर त्यांचा कंट्रोलर ठेवला आणि धाकट्याचा स्वतःच्या हातात घेतला.

"आज आपण दोघं खेळू," ती म्हणाली.

"आज कुठे रविवार आहे?" आजारपणापासून बाबांची जीभ जड झाली होती, पण हा प्रश्न मात्र स्वच्छ आला.

"रविवारीच खेळायचं असा काय कायदा आहे का?"

रविवार धाकट्याचा. पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर त्यानं पारदर्शक डबीत बसवून टीव्हीला जोडला होता. माळ्यावर पडलेले लहानपणीचे दोन कंट्रोलर पुसून काढले होते. त्यांच्या जुन्या, रुंद पिना या चिमुकल्या यंत्रात कुठून शिरायला? म्हणून मध्ये ॲडॅप्टर आणला, त्याला दोन कंट्रोलरसाठी दोन खाचा. "ताई, वायरींना हात लावू नकोस हं, तुला नाही कळायचं," हेही तो न विसरता सांगून ठेवायचा. डॉक्टरांनी बाबांची बोटं हलती ठेवायला सांगितलंच होतं. जेवणं झाली की बापलेक गाड्यांची शर्यत लावत. लाल गाडी बाबांची, निळी धाकट्याची. लाल दर वेळी पहिली यायची, निळी गवतात लोळत पडायची आणि बाबा खदाखदा हसायचे.

ते हसू थोरलीला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. बाबांचं अंग ती पुसायची, नखं ती कापायची, हाक आली की झोपेतून ती उठायची. तिच्या वाट्याला काय, तर "पाणी गार आहे". आणि आठवड्यातून एकदा उगवणाऱ्या धाकट्याच्या वाट्याला ते हसू. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. रविवारी तिच्या हातून भांडी जरा जास्तच आपटायची.

शर्यत सुरू झाली. थोरलीनं निळ्या गाडीवर डोळे रोखून बटण दाबलं. लाल गाडी सुसाट निघाली. तिनं बोट उचललं, लाल गाडी थांबली. शेजारी बाबांचा अंगठा थरथरत होता, आणि निळी गाडी वेडीवाकडी वळत गवतात शिरत होती.

ती उठली. कंट्रोलरची वायर बोटानं चाचपत ॲडॅप्टरपर्यंत गेली. धाकट्याचा कंट्रोलर पहिल्या खाचेत होता, बाबांचा दुसऱ्या.

म्हणजे इतके रविवार पहिली येणारी गाडी धाकट्याची होती. गवतात लोळणारी बाबांची. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. चोर असा आयता हाती लागल्यावर कुणाला होणार नाही?

"बाबा, लाल गाडी तुमची नाहीच मुळी. तो चालवतो ती. तुम्हाला फसवतोय तो."

"हळू बोल. त्याला कळू देऊ नकोस," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी कळलं. मी दाबलं की निळी वळते. अंगठा लुळा पडलाय, डोकं नाही."

"मग हसता कशाला एवढं?"

"नाही हसलो तर त्याचा चेहरा पडतो. मग पुढे कित्येक दिवस फिरकत नाही तो. त्याला यायला काहीतरी निमित्त नको?"

थोरलीला गप्प बसता आलं असतं. शहाण्या बाईनं बसायला हवं होतं.

"आणि मला?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांना खरंच कळला नव्हता.

"तुला कशाला निमित्त? तू आहेसच की."

अजून त्यांना औषध द्यायचं होतं, वाळत घातलेली चादर काढायची होती. ती उठली नाही. तिनं वायरीही बदलल्या नाहीत. धाकट्याचा कंट्रोलर घट्ट धरून तिनं शर्यत पुन्हा लावली.

लाल गाडी सुरुवातीपासूनच पुढे गेली. थोरलीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी बोटं भराभर चालत होती. पहिलं वळण सहज निघून गेलं, दुसरंही. निळी गाडी मागे कुठेतरी रुतून बसली होती आणि तिकडे बाबांचं लक्षच नव्हतं. ते उशीवरून पुढे सरकले. इतक्या दिवसांत कुणी आधार दिल्याशिवाय ते असे सरकले नव्हते.

"अगं, वळण आलं!" बाबा ओरडले. "माझी गाडी आपटेल! डावीकडे घे, डावीकडे!"

थोरलीनं मुद्दाम उजवीकडे घेतली.