नकाशावरचं नाव
"साहेब, या नकाशात टेकडी कुठली अन् दरी कुठली, एवढं वामनदादाला विचारता का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भर प्रदर्शनात मी विचारलंच. नवं मध्यप्रदेश राज्य झाल्यावरचं आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळांचं हे पहिलं प्रदर्शन, अन् ते बघायला आलेले साहेब थेट भोपाळचे. दक्षिण ध्रुवाच्या त्या नकाशावर माझ्या भावाचं नाव होतं, आणि काढला होता मी! मासिकात विमानातून घेतलेल्या फोटोंची जोडी होती. दोन भिंगांतून पाहिलं, की सपाट बर्फातून टेकड्या झपकन वर यायच्या. महिनाभर मी त्या कागदावर उतरवल्या. दादानं खोल दरीवर बोट ठेवलं, "ही टेकडी." "अरे भाई, इथं चढायला गेलास तर सीधा खड्ड्यात!" साहेब हसले. नकाशा काखेत मारून मी तर उडतच घरी आले. दादा फणकारला, "माझ्यावर कशाला चिडतेस? नाव बाबांनी लिहिलंय." बाबांनी? भिंगं त्यांनीच तर आणून दिली होती मला! "लग्नात तुझं नाव बदलेलच, पोरी," बाबा सहज म्हणाले. "नकाशावर कायम टिकणारं नाव नको का?" चुलीपाशी आईचे हात थांबले. "माहेरी, शाहपूरला, माझं नाव कौतिक होतं," ती हळूच म्हणाली. सगळे तिला निर्मला म्हणतात; तिचं हे नाव मला आजवर ठाऊकच नव्हतं. मी नकाशा जमिनीवर पसरला. "आई, बाबा, ऐका. मी उषा आहे, लग्नानंतरही उषाच राहणार. आणि या नकाशावर आता माझं नाव लागेल, माझ्याच हातानं, शाईनं."