कळशीभर पाणी

“सूनबाई, माझ्यामागे टेकडीवरच्या शेवटच्या रोपट्याला रोज कळशीभर पाणी घालायचं, कबूल?” जाताना सासूबाईंनी घेतलेला शब्द ती पाळत होती. आता तिथं ‘निसर्गस्नेही’ वसाहत येणार. “घरं पायथ्याशी, वरचं नैसर्गिक जंगल नियमाप्रमाणे जसंच्या तसं राहील,” सुनावणीत पर्यावरण समितीचे अध्यक्ष म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. भारावून ती उभी राहिली. “साहेब, ते आपोआप उगवलेलं नाही हो. उघड्या टेकडीवर एकेक झाड आमच्या सासूबाईंनी लावलं, कळश्या वाहून जगवलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिल्डर मात्र गालात हसला. “लावलेली झाडं? मग ते नैसर्गिक नव्हेच. नियम लागू होत नाही.” अध्यक्षांनी नकाशावरचा हिरवा पट्टा खोडला. “गेलीस सासूचं कौतुक मिरवायला, बसलीस टेकडी घालवून!” घरी जाऊबाई कडाडल्या. तिनं कळशी भरली आणि टेकडीची वाट धरली.