विषण्ण वाघ

“कोनी विश्वास नाई ठेवणार, पण मी विषण्ण वाघ पाह्यलो,” लटारू म्हणाला.

दिव्यानीनं पेन खाली ठेवला. सातवीच्या पुस्तकात ‘विषण्ण’ आला होता. अर्थ खालीच छापलेला, अतिशय दुःखी. वाक्यात उपयोग करायचा होता अन् वाक्य सुचत नव्हतं. दुपारी शाळेत एक पोरगी तिला म्हणाली होती, “तुई माय जोडीशिवाय गेली न मेली.” तेव्हापासून दिव्यानीच्या पोटात अन्न नव्हतं.

मोहफुलं वेचायला जोडीनं जायचं, ही जंगलाची रीत. एकानं वाकून वेचायचं, दुसऱ्यानं उभं राहून हाळ्या द्यायच्या. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. दिव्यानीची माय, म्हणजे लटारूची सून गोकुळा, मागच्या चैतात एकटीच गेली, असं सारं गाव म्हणायचं. हट्टी बाई, हट्टानं मेली.

नातीनं दोन घास खावेत, एवढंच लटारूला हवं होतं. थापा मारण्यावाचून त्याला दुसरं येत काय होतं? त्याचं बोलणं गाव हसण्यावारी न्यायचं. खरं मानणारी ही एकच उरली होती.

“उदास म्हंजे बाजारातून आलो अन् तंबाखूच इसरलो,” तो म्हणाला. “खिन्न म्हंजे बैल मेला. अन् विषण्ण म्हंजे तो वाघ.”

“कोनचा?”

“तोच. तुया मायजवळचा.”

तिनं ताट जवळ ओढलं. म्हाताऱ्याला चेव चढला. वाघाच्या मिशा म्हणे निवडणूक हरलेल्या वामनरावासारख्या लोंबत होत्या. डोळ्यांतून लिंबाएवढाले आसू. वांदरं झाडावरून उतरून त्याची समजूत घालत होती. दिव्यानी वर्षात पहिल्यांदा हसली. एक घास गेला, दुसरा गेला.

“मंग?”

“मंग ती उलथी झाली, तवा त्याले समजलं का हे त माणूस होय. दोन पावलं मागं सरला. डावा कान फाटका होता त्याचा. टोपली आडवी पडली होती. फुलं पंज्याखाली चेंदली, त्याचा वास सुटला. लय वेळ तिच्याकडं पाहात राह्यला.” लटारूचा आवाज बारीक झाला. त्यात आता वांदरं नव्हती. “तिच्या मुठीत फुलं होती. मूठ सोडलीच नाई तिनं.”

दिव्यानीचा घास हातातच राहिला.

“खोटं बोलले तुमी, आबाजी,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी धान भरडाले मूल गावाच्या गिरणीत गेलो होतो, असं सांगत होते साऱ्याइले. माय एकटी नव्हती गेली.”