हिरवा दोरा

वगात राजा झालेल्या मोतीरामानं खांद्यावरचं उपरणं झटकलं, अन् बायांच्या बाजूला बसलेल्या वच्छलाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं. गॅसबत्तीच्या उजेडात उपरण्यावरचा हिरवा दोरा शेवाळासारखा उठून दिसत होता. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून तिनंच ते हिरव्यानं रफू केलं होतं. उपरणं तिच्या नवऱ्याचं, सरपंच उत्तमरावांचं. पेटीतून गुपचूप काढून तिनंच ते मोतीरामाला दिलं होतं. सरपंचांचं खाकरणंही तिनंच शिकवलं होतं. दोरा उसवायचा तेवढा राहून गेला.

उंद्रीच्या पोरांनी यंदा पोळ्याला वग बसवला होता. राजा गावासाठी विहीर खणतो, पण आपल्या पलंगाखाली! ढोलकी कडाडली. पोरांनी सूर धरला:

राजा गुणाचा, राजा दानी,
पलंगाखाली गावाचं पानी;
घागर घेऊन उभी मी दारी,
घोरतो राजा भर दुपारी!

कोणीच हसलं नाही. साऱ्या माना पुढच्या खुर्चीकडे वळल्या. तिथं उत्तमराव बसले होते. पंचायतीची नवी विहीर मंजूर झाली होती आणि त्यांनी जागा धरली होती आपल्या मळ्यात, नाल्यापलीकडे. सकाळी कुदळ पडायची होती. वच्छलाबाईनं किती विनवलं होतं, "पाराजवळ खंदा हो. पोटुशा सुना नाला वलांडून घागरी कशा आनतीन?" ते नुसते खाकरायचे. म्हणायचे, "पाहू, पाहू."

पलंगावरचा राजाही खाकरला. "पाहू, पाहू."

आणि उत्तमराव हसले. असे हसले, की खुर्ची करकरली. मग सारं गाव धरण फुटल्यासारखं हसलं. डोळे पुसत त्यांनी शेजारच्या जानरावाला विचारलं, "कोन्या गावचा राजा व्हय बे हा?"

वच्छलाबाईला रडू फुटलं. एवढा आरसा समोर धरला, अन् या माणसाला त्यात दुसऱ्याचंच तोंड दिसलं!

घरी जाताना ती नवऱ्याच्या मागून चालत होती. वाटेत पार आला. पिंपळाची पानं हलकेच टाळ्या वाजवत होती. उत्तमराव थांबले. वहाणेच्या टाचेनं त्यांनी मातीत गोल रेघ ओढली.

"कुदळ इथं पडंन."

तिला खरं वाटेना. "अन् मळ्यातली जागा?"

"पलंगाखाली पानी वाजून राह्यलं, त झोप लागते का व मानसाले?"

"पन तुमी त हसून राह्यले होते!"

"मी हसलो नसतो, त गाव हसलं असतं का?" ते चालू लागले. दोन पावलांवर थांबून खाकरले. "अन् पुढच्या साली राजाले माहं उपरनं देशीन, त हिरवा दोरा आधी उसवून टाक. तो मंचावर आला तवाच दिसला मले."