फाडलेलं प्रकरण

लेनिनग्रादच्या त्या कचेरीतून शिक्का मिळाल्याशिवाय एकही पुस्तक छापलं जात नसे. लेखक वेनियामिन लुकिच टोपी चुरगाळत बसला होता. समोर सेन्सॉर रोदिओन साव्विच त्याच्या कादंबरीची पानं उलटत होता.

“तुमच्या या ग्रहावर कारकून लोकांची पत्रं फोडून वाचतात. कुठला हो हा ग्रह?”

“फार लांबचा, रोदिओन साव्विच. तिथला उजेड इथे पोचायलाच तीनशे वर्षं लागतात.”

“आणि चहा मात्र आपल्यासारखाच, खडीसाखर दातात धरून? मला दूधखुळा समजलात?”

रोदिओन साव्विचने पानांचा गठ्ठा बाजूला सारला.

“शिक्का मिळणार नाही. आणि शेवटचं प्रकरण कुठाय?”

“भीती वाटली. मीच फाडून शेगडीत घातलं.”

सेन्सॉरने उठून दार लावलं, रेडिओ मोठ्ठा केला आणि त्याच्या कानाशी वाकला.

“उद्याच्या उद्या परत लिहून आणा. माझी बायको घरी तुमची कादंबरी चोरून टाइप करतेय, चार-चार कार्बन लावून. गुपचूप हातोहात वाचणारे ताटकळलेत. आणि त्या कारकुनाचं पुढे काय होतं, ते मलाही कळायला हवं.”