चौथा हात

पत्र्याला मागच्या काळात नेणारं मलम आता कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळायचं. एका हाताला पत्रा दहा वर्षं मागे जाई. टिपणीसांनी अंगणातल्या जुन्या फियाटला तीन हात दिले, तसा गंज गेला, भोकंही बुजली. चौथ्या हाताला डाव्या मडगार्डवर मोठा पोचा उमटला.

"चार हात, म्हणजे चाळीस वर्षं," त्यांची बायको सुलभा म्हणाली.

चाळीस वर्षांपूर्वी तिच्या सायकलवरच्या भावाला एक गाडी उडवून गेली होती. ती कधीच सापडली नाही. त्या आठवड्यात आपली फियाट गॅरेजमध्ये होती, असं टिपणीसांनी तेव्हा सांगितलं होतं.

"अजून एक हात मारला की जाईल," ते म्हणाले.

सुलभाने त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.